तोकुगावांची अडीचशे वर्षांची शांतता कोणाची होती?

चर्चाप्रस्ताव

जपानच्या सामुराईंविषयी, म्हणजे तिथल्या लढवय्या वर्गाविषयी, मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे त्यांच्या तलवारीभोवती फिरते. त्यामुळे त्यांच्या इतिहासातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट बाजूला राहते. ज्या वर्गाचे पोट लढाईवर चालत होते, त्याच वर्गाच्या सरदारांनी लढाई बंद करून दाखवली. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात क्योतो शहराची राखरांगोळी झाली, आशिकागा घराण्याचे शोगुन, म्हणजे देशाचा कारभार हाती असलेले लष्करी प्रमुख, नावापुरते उरले आणि पुढची शंभर वर्षे दाइम्यो, म्हणजे आपापल्या प्रांतांचे लष्करी अधिपती, एकमेकांचे मुलूख गिळत राहिले. ओदा नोबुनागा या दाइम्योने ही घडी मोडायला सुरुवात केली, तीही निर्दयपणे. १५७१ साली हिएई पर्वतावरचा एन्र्याकुजी मठ त्याने माणसांसकट जाळला.

परंतु खरा बदल नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीच्या दोन हुकुमांनी झाला, असे माझे मत आहे. १५८८ साली त्याने शेतकऱ्यांकडील तलवारी, भाले आणि बंदुका जमा करवल्या आणि कारण असे दिले की, या लोखंडाचे खिळे क्योतोत उभारल्या जाणाऱ्या भव्य बुद्धमूर्तीच्या कामी येतील व देणाऱ्याला इहलोकी आणि परलोकी पुण्य लाभेल. १५९१ च्या हुकुमाने सामुराईने गावात शेती करायची नाही आणि शेतकऱ्याने शेत सोडून दुसऱ्या धंद्यात शिरायचे नाही, असे ठरले. स्वतः सामान्य कुळातून वर आलेल्या माणसाने आपल्यामागे ती शिडी काढून घेतली हे खरे आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की सामुराई जमिनीपासून तुटला, गढीच्या गावात येऊन राहू लागला आणि धन्याकडून मिळणाऱ्या तांदळाच्या तैनातीवर जगू लागला. ज्याच्या हाती स्वतःची जमीन नाही आणि स्वतःची रयतही नाही, तो बंड कशाच्या जोरावर करणार?

सेकिगाहाराची लढाई १६०० साली जिंकून १६०३ मध्ये शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासुने आणि त्याच्या वारसांनी हीच रीत दाइम्योंना लावली. १६१५ मध्ये एका संस्थानाला एकच किल्ला, असा हुकूम निघाला. १६३५ मध्ये सान्किन कोताईची पद्धत कायद्यात आली. तिच्यानुसार दाइम्योला सामान्यतः एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष शोगुनच्या एदो शहरात (आजच्या टोकियोत) काढावे लागे, आणि त्याची पत्नी व वारस कायम एदोतच राहत. शिमाबारातल्या शेतकऱ्यांचा उठाव सोडला तर १६१५ नंतर दोनशेहून अधिक वर्षे त्या देशात मोठे युद्ध झाले नाही. त्याच काळात युरोप तीस वर्षांच्या युद्धापासून नेपोलियनच्या स्वाऱ्यांपर्यंत होरपळत होता. लष्करी राजवटीचे हे यश आपण मोकळेपणाने मान्य करावे, असे मला वाटते.

पहिला प्रतिसाद

मी याला यश म्हणणार नाही, आणि माझा आक्षेप आपण दिलेल्या तपशिलांवरच उभा आहे. दाइम्योची पत्नी आणि मुलगा एदोत राहत, असे आपण लिहिलेत. त्यांना ओलीस हाच शब्द लागू पडतो. हाकोनेच्या नाक्यावर पहारेकरी दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत, एदोकडे येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया. जी व्यवस्था बंदूक आणि सरदाराची बायको यांना एकाच यादीत धरते, तिने लढाई थांबवली नव्हती, दारात बांधून ठेवली होती.

सरदारांना निदान ओलिसांच्या बदल्यात संस्थान तरी मिळत होते. शेतकऱ्याला काय मिळाले? सारा एकेका कुटुंबावर न बसता संपूर्ण गावावर बसे, आणि पिकाच्या दहा हिश्श्यांपैकी चार ते पाच धन्याला व उरलेले पिकवणाऱ्याला, हे प्रमाण रूढ मानले जाई. पाच-पाच घरांचे गट बांधलेले असत. एका घराने गुन्हा केला किंवा सारा बुडवला तर बाकीच्या चार घरांनी जबाब द्यायचा. शेजारी हाच शेजाऱ्याचा पहारेकरी झाल्यावर गावात दंगा कमी होणारच. त्या शांततेचे श्रेय मी राजवटीला देणार नाही.

आणि शिमाबाराचा उठाव आपण एका वाक्यात "सोडला तर" म्हणून सोडून दिलात, याचे मला वाईट वाटले. १६३७-३८ च्या त्या उठावात हारा किल्ल्यात अडकलेले सुमारे ३७,००० लोक, बायका-मुलांसह, मारले गेले. त्यांच्यावर सव्वा लाखाच्या आसपास फौज घातली गेली आणि शोगुनच्या सांगण्यावरून एका डच जहाजानेही किल्ल्यावर तोफा डागल्या. एवढी माणसे बाजूला काढून शांततेचा हिशेब करता येत नाही.

दुसरा प्रतिसाद (वसईहून)

आमच्या गावाचा या विषयाशी थेट संबंध आहे, म्हणून लिहितो. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईतला. ते जपानमध्ये राहिले, व्यापार केला, मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले आणि जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे १५९३ मध्ये हिदेयोशीच्या भेटीला गेलेल्या मंडळींचे दुभाषी म्हणून परतले. ज्या माणसासमोर बसून त्यांनी दुभाषाचे काम केले, त्याच्याच हुकुमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांना आणखी २५ जणांसह क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्याआधी त्यांच्या कानांचे तुकडे कापून ऐन थंडीत त्यांना क्योतोकडून नागासाकीपर्यंत चालवत नेले होते.

शेतकऱ्याचा भाला काढून घेणारा हिदेयोशी आणि हा हिदेयोशी एकच आहे, आणि हुकुमांमागची वृत्तीही मला एकच दिसते. हत्यार असो वा श्रद्धा, राज्यकर्त्याच्या हाताबाहेर काहीही राहता कामा नये. पुढे तोकुगावांनी येशू-मरियेच्या प्रतिमा पायदळी तुडवायला लावून लोकांच्या श्रद्धेची परीक्षा घेतली, ती याच वाटेवरची पुढची पायरी होती.

तिसरा प्रतिसाद

मी प्रस्तावाच्या बाजूने आहे, तरी त्यातला एक धागा अर्धवट राहिला आहे. सान्किन कोताई ओलिसांची पद्धत होती हे निर्विवाद. पण तिने नकळत देश जोडला. कागा प्रांताच्या माएदांसारखा दहा लाख कोकुंहून मोठा दाइम्यो निघाला की त्याच्याबरोबर दोन-तीन हजार माणसे चालत. (एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाचे वर्षाचे धान्य.) एवढ्या माणसांना रस्त्यात उतरायला, जेवायला, घोडे बदलायला जागा लागत. तोकाइदो मार्गावरचे ५३ टप्पे याच वाहतुकीवर पोसले गेले. एदोची वस्ती अठराव्या शतकात दहा लाखांवर गेली, ओसाकाच्या दोजिमा बाजारात १७३० पासून शोगुनच्या परवानगीने तांदळाचे वायदे होऊ लागले आणि गावोगावच्या तेराकोयांमध्ये, म्हणजे छोट्या शाळांमध्ये, शेतकऱ्यांची व व्यापाऱ्यांची मुले अक्षरे आणि हिशेब शिकू लागली. ही मुले राज्यकर्त्यांची नव्हती.

शिमाबाराबद्दल एक गोष्ट जोडतो. ज्या मात्सुकुरा कात्सुइएच्या छळामुळे लोक उठले, त्या दाइम्योचा उठावानंतर शिरच्छेद करण्यात आला. त्याला सामुराईच्या मानाचे सेप्पुकूही, म्हणजे स्वतःचे पोट चिरून मरणेही, करू दिले नाही. एदो काळात अशी शिक्षा झालेला दाइम्यो तो एकटाच. आपल्या वर्गातल्या अत्याचाऱ्याला राजवट कधीच हात लावत नव्हती, असे म्हणता येणार नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

एकच दाइम्यो, अडीचशे वर्षांत. माझा मुद्दा आपणच सिद्ध केलात.

तांदळाच्या बाजाराचे आपण कौतुक केलेत. त्याची दुसरी बाजू उत्तरेकडच्या प्रांतांना विचारावी. तैनात तांदळात आणि खर्च पैशात असल्यामुळे संस्थाने ओसाकाच्या सावकारांच्या कर्जात बुडाली होती, आणि कर्ज फेडायला पीक बाजारात पाठवावेच लागे. १७८२ नंतरच्या तेन्मेइ दुष्काळात, आसामा ज्वालामुखीचा १७८३ चा उद्रेक आणि थंड उन्हाळे यांनी पीक गेले हे खरे. पण संस्थानांनी आपापल्या हद्दीतून धान्य बाहेर जाऊ द्यायचे थांबवल्यामुळे शेजारच्या मुलखातली माणसे उपाशी मेली, हे निसर्गाचे काम नव्हते. लढाई नसलेल्या देशात लाखो माणसे मेली.

आणि हे मी आज बसून लिहितो आहे असे नाही. त्यांच्यातल्याच एका सामुराईने हे लिहून, उठून सांगितले. ओशिओ हेइहाचिरो हा ओसाकाच्या पोलिसखात्यातला निवृत्त अधिकारी आणि विद्वान. तेन्पो दुष्काळात शहराचे अधिकारी तांदूळ एदोला पाठवत राहिले, तेव्हा त्याने आपली ग्रंथसंपदा विकून पैसे गरिबांत वाटले आणि १८३७ मध्ये जाहीरनामा काढून उठाव केला. उठाव एका दिवसात चिरडला गेला. ओशिओने लपलेल्या घराला आग लावून प्राण दिला, तरी त्याचे प्रेत मिठात घालून ठेवले, खटला चालवला आणि पुढल्या वर्षी ते क्रुसावर चढवले.

प्रस्तावकाचे उत्तर

ओशिओचे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे, हे मान्य करतो. शिमाबाराला "सोडला तर" म्हणालो, ते शब्दही मागे घेतो. वसईच्या सदस्यांनी दाखवलेला, हत्यारे काढून घेण्याच्या आणि क्रुसावर चढवण्याच्या हुकुमांमधला संबंध मी आधी पाहिलाच नव्हता, त्याबद्दल त्यांचे आभार मानतो.

तरीही एका गोष्टीवर मी ठाम आहे. ओनिन युद्धानंतरच्या शतकात ज्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकातून वर्षाआड फौजा जात होत्या, त्याच्या नातवाने १६५० मध्ये साऱ्याचे ओझे वाहताना का होईना, पेरलेले कापले. हा फरक लहान होता असे म्हणायला माझे मन तयार नाही. माझी चूक अशी झाली की मी १६५० आणि १८३७ एकाच शब्दात बांधले. पहिल्या पिढ्यांनी जी बंधने घातली ती युद्ध विझवण्यासाठी होती. युद्धाची आठवणही कोणाला उरली नाही, तेव्हासुद्धा तीच बंधने सावकार, अधिकारी आणि साठवलेला तांदूळ यांच्या रक्षणासाठी चालू राहिली. हा बदल नेमका केव्हा झाला, यावर पुढची चर्चा व्हावी. माझ्या मते तो तेन्मेइ दुष्काळाच्या बराच आधी, सामुराईंच्या तैनाती सावकाराकडे गहाण पडू लागल्या त्या सुमारास झाला.