काळं अस्वल: डोक्यात गोळी नको
अस्वलाच्या शिकारीबद्दल एकांनी लिहिलंय की डोक्यात गोळी घातली की अस्वल जागीच पडतं, म्हणून तोच दयाळू मार्ग. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाची कवटी जाड आणि उतरती, मेंदू लहान, आणि डोकं सतत हलतं. नेम थोडा चुकला तरी जबडा फुटतो आणि ते जनावर पळून जाऊन उपाशी मरतं. ही कसली दया?

नेम फुप्फुसांवरच हवा. अस्वल पूर्ण आडवं असावं, किंवा पलीकडे तोंड करून किंचित तिरकं. आपल्या बाजूचा पुढचा पाय पुढे पडेपर्यंत थांबायचं, म्हणजे फुप्फुसांची जागा मोकळी होते. लोंबत्या केसांमुळे शरीराची खालची कड फसवी दिसते, त्यामुळे फार खाली नेम धरू नये. समोरून चालत येत असेल तर गोळी झाडूच नये.

चरबी जखम बुजवते, दाट केस रक्त शोषतात. त्यामुळे जखमी अस्वलाचा माग काढणं हरणापेक्षा कितीतरी कठीण. गोळी किंवा बाण आरपार जाणं म्हणूनच महत्त्वाचं. उजेड अंधुक झाला असेल तर त्या दिवशी सोडून द्या.

आणि आधी काही मिनिटं नुसतं बघा. पिल्लं अनेकदा आईच्या मागे राहतात किंवा झाडावर चढून बसलेली असतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पिल्लांसोबतच्या मादीची शिकार बेकायदा आहे.