मदत हवी आहे: घर विकताना चिमणी-हॉब नवीन घालायचे का? सोमवारी पार्टी येतेय

रानवारा
नमस्कार. घर विकायला काढलंय. तीन पार्ट्या बघून गेल्या. तिघांनीही "कळवतो" म्हटलं, कळवलं कुणीच नाही. एजंट म्हणतोय किचन जुनं दिसतंय, चिमणी आणि हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) नवे घाला, एक डिशवॉशर ठेवा, वर दोन लाख सहज मिळतील. मला साठ-सत्तर हजारांचा खर्च दिसतोय. करू की नको? सोमवारी चौथी पार्टी आहे. वास्तू, पार्किंग, शेजार यावर कृपया लिहू नका. फक्त किचनचं सांगा, आज उत्तर हवंय.

अनगोळकर
फ्लॅट आहे की स्वतंत्र घर? कुठल्या भागात? किती जुनं? किंमत काय सांगितलाय? आत्ता किचनमध्ये काय काय आहे? यातलं काहीच न लिहिता उत्तर मागायलाय, सांगणार कसं?

सुगरण_खानापूर
घाला की चिमणी! आम्ही हिंदवाडीतला फ्लॅट विकलो तेव्हा नव्वद सेंटिमीटरची काळी काचेची चिमणी होती. बघायला आलेल्या वहिनी हॉलमध्ये टेकल्यासुद्धा नाहीत, सरळ ओट्यापाशी जाऊन बटण दाबून बघितल्या. "ही राहणार काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आठ दिवसांत व्यवहार झाला. घर बाईच पसंत करते, आणि बाई किचन बघते.

निपाणीकर
ताई, तुमची चिमणी आधीपासून होती. हे विकण्यासाठी नवीन घालायलेत. फरक आहे. मी दोन घरं विकलोय. नव्या वस्तूला पार्टी मान डोलावते आणि संचकाराच्या, म्हणजे विसाराच्या, दिवशी तेवढेच पैसे कमी करून मागते. शिवाय गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर बँकेचा माणूस घराचं मूल्यांकन करतो, डिशवॉशरचं नाही. तुमचे सत्तर हजार त्यात कुठं दिसणार?

सुगरण_खानापूर
मूल्यांकन बँक करते, पसंती बँक करत नाही.

रानवारा
बेळगाव, भाग्यनगर, दुसरा मजला, टू बीएचके, २०१३ ची बिल्डिंग. अठ्ठेचाळीस लाख सांगितलेत. चिमणी साठ सेंटिमीटरची आहे, चालते, आवाज जास्त येतो. शेगडी साधी तीन बर्नरची. स्टीलच्या ट्रॉल्या, ग्रॅनाइटचा ओटा, आरओ. मागच्या बाल्कनीत घरघंटी आहे. आता तरी सांगा.

जुना_उतारा
ई-खाता (महापालिकेचा मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) झालाय का? त्याशिवाय सब-रजिस्ट्रारकडं दस्त होत नाही. किचन राहू दे, आधी ते बघा.

रानवारा
झालाय. प्रश्न तो नाही.

जुना_उतारा
मग आकडे तरी बघा. कर्नाटकात ५ टक्के मुद्रांक, त्यावर सेस आणि अधिभार धरून ५.६, आणि नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ची २ टक्के झालीय. म्हणजे ७.६. दोन लाख वाढवून दस्तात घातलात तर पार्टीला वरचे पंधरा हजार दोनशे पडणार. आणि ४८ चे ५० झाले की घेणाऱ्याला १ टक्का टीडीएस (तुमच्या नावचा आगाऊ आयकर) कापून भरावा लागतो. म्हणजे तुमच्या हातात पन्नास हजार कमी. ते नंतर रिटर्न भरून हिशेबात मिळतात, पण त्या दिवशी अडकतात. चिमणीपायी एवढं कशाला?

निपाणीकर
हे बरोबर बोललात.

मच्छेकर
हॉब घेणारच असाल तर जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीचं) विचारून घ्या. सिलिंडरचा आणि पाइपच्या गॅसचा जेट वेगळा असतो. पार्टीच्या घरी उद्या पाइपचा गॅस आला तर बदलून घ्यावा लागतो. बिल्ट-इन हॉबसाठी ग्रॅनाइट कापावा लागतो हेही एजंटनं सांगितलंय का? कापताना तडा गेला तर अख्खा ओटा गेला. डिशवॉशरला सोळा अँपिअरचा पॉइंट, पाणी यायला एक आणि जायला एक लाइन लागते. सोमवारपर्यंत एवढं होत नाही.

अनगोळकर
आणि आरओ कशाला ठेवलाय? राकसकोप धरणाचं पाणी गोड आहे. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असले की आरओची गरजच नाही, निम्म्याहून जास्त पाणी वाया घालवतं ते.

मच्छेकर
बोअरचं पाणी मिसळणाऱ्या बिल्डिंगमध्ये येऊन बघा एकदा. आमच्या किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो. सगळ्या गावाला एकच माप लावू नका.

अनगोळकर
भाग्यनगरचं बोलायलोय मी, मच्छेचं नाही.

पावसाळी
रानवारा, चिमणीचा पाइप भिंतीतून बाहेर सोडलाय ना? त्या भोकाभोवतीनं आपल्या पावसात पाणी आत येतं. कपाटाच्या मागची भिंत हातानं चाचपून बघा. आणि तिन्ही पार्ट्या नेमक्या कुठं गप्प झाल्या? हॉलमध्ये, बेडरूममध्ये की किचनमध्ये? हे आठवून लिहा, बाकीचं नंतर.

रानवारा
विचार केला. तिन्ही किचनमध्येच. तिसऱ्या पार्टीसोबत मुलाची आई होती. तिनं चिमणीकडं बघितलंही नाही. नळ पूर्ण सोडला, बंद केला, खाली वाकली आणि सिंकखालचं दार उघडलं. आतल्या प्लायचा कोपरा फुगलाय, वरचा पापुद्रा सुटलाय, वास येतो. तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं, प्लाय आत गेला. काही बोलली नाही, पदराला हात पुसला. नंतर बाल्कनीत घरघंटी बघून मात्र चेहरा खुलला. "ही ठेवणार काय हो?" विचारलं. मी नाही म्हटलं, आईची आहे. आई गेल्या वर्षी गेली.

पावसाळी
तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंत. सिंकखाली पाणी झिरपतंय म्हटल्यावर माणूस विचार करतो, बाथरूमच्या भिंतीत काय असेल, खालच्या मजल्यावरच्याशी भांडण असेल का. वर नवी चकाचक चिमणी लावली तर शंका वाढेलच, काहीतरी झाकलंय म्हणून.

सुगरण_खानापूर
दादा, आईचं वाचून वाईट वाटलं. एवढं पटलं मला. आमच्या वहिनींनी चिमणी बघितल्या त्याआधी मी सिंकखाली पांढरा कागद अंथरलेली होते, कोरडं दिसावं म्हणून. ते मी विसरूनच गेले होते. पण चिमणी निदान साफ करून घ्या. जाळ्या गरम पाण्यात सोडा घालून रात्रभर ठेवा. आवाज निम्मा तेलकटपणामुळं असतो.

जुना_उतारा
घरघंटी सोमवारच्या आधी घरातून हलवा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ८ बघा. वेगळं ठरलं नसेल तर घराबरोबर दारं, खिडक्या, कड्या, कुलपं आणि कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तू जातात. घरघंटी त्यात येत नाही, ती उचलून नेता येते. चिमणी आणि ट्रॉल्या मात्र राहणार असंच घेणारा धरून चालतो. म्हणून काय राहणार, काय नेणार ते संचकारपत्रातच लिहा. आमच्या ओळखीत एका व्यवहारात गिझरवरून दस्ताच्या दिवशी तोंडं फिरली होती.

निपाणीकर
आणि जे नेणार ते दाखवू नका. एकदा बघितलं की माणूस मनातल्या मनात ते आपलं धरतो, मग नाही म्हटलं की घरच उणं वाटतं.

रानवारा
उद्या सकाळी प्लंबर येतोय. सिंकखालची तळाची फळी काढून मरीन प्लाय टाकतोय, चिमणीच्या पाइपाभोवती सील करून घेतोय. सगळं मिळून सहा हजारांच्या आत बसेल असं तो म्हणतोय. घरघंटी मावशीकडं शहापूरला पाठवली. हॉब, डिशवॉशर रद्द. एजंट नाराज आहे.

रानवारा (सोमवार रात्र)
पार्टी येऊन गेली. नवरा-बायको, कॅम्पात नोकरी. बाईंनी सिंकखालचं दार उघडलंच. हात फिरवला, नळ सोडून दोन मिनिटं थांबल्या. मी आपणहून सांगितलं की इथं गळत होतं, काल दुरुस्त केलंय, आणि प्लंबरची पावती दाखवली. चिमणीबद्दल काही विचारलं नाही. पाणी किती वाजता येतं ते विचारलं. गुरुवारी सासऱ्यांना घेऊन परत येतो म्हणालेत. किंमत ४६ म्हणताहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

सुगरण_खानापूर
परत येतायत म्हणजे चांगलंच की! गुरुवारी सकाळी ओटा कोरडा ठेवा, आणि फोडणीचं काही करू नका.

मच्छेकर
घरघंटी एक एचपीची आहे काय? विकणार असाल तर आम्हाला हवी आहे.

रानवारा
ती विकायची नाही.