मदत हवी आहे : काश्मीरच्या सरोवरांकडे एकट्याने जाण्यासाठी परवानगी

ऑगस्टअखेरीस सोनमर्गहून निघून विशनसर, किशनसर, गडसर, सतसर व गंगाबल ही सरोवरे पाहत, तंबू आणि शिधा स्वतःच्या पाठीवर घेऊन एकट्याने नारानागला उतरण्याचा माझा विचार आहे. सुमारे ४२०० मीटर उंचीच्या गडसर खिंडीसाठी ओझ्यासह सराव चालू आहे. विमानात नेता न येणारा गॅसचा डबा श्रीनगरला घेईन. वाटेतील लष्करी चौक्यांवर ओळखपत्र तपासतात, हे ठाऊक आहे. परंतु एक आयोजक म्हणतो की वाटाड्याशिवाय पुढे सोडत नाहीत (त्याचा धंदाच तो), तर दुसऱ्याच्या मते आधार कार्ड पुरते. गटाबरोबर जायचे नाही, मात्र स्थानिक वाटाड्या सक्तीचा असल्यास हरकत नाही. अलीकडे एकट्याने जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे : सतसरच्या चौकीवर लेखी परवानगी मागतात का, आणि मागत असल्यास ती सोनमर्गला मिळते की श्रीनगरहूनच काढून न्यावी लागते?