मदत हवी आहे: नवी बचावफळी, नवे प्रशिक्षक. किती सामने धीर धरावा?

नमस्कार.

पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या साखळी स्पर्धेत खेळणाऱ्या एका जुन्या क्लबचा मी गेली बावीस वर्षे समर्थक आहे. क्लबचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही माणसांविषयी तक्रारीचा सूर येईल आणि ती माणसे मला परकी नाहीत. शाळा सुटल्यानंतर मी स्वतः फुटबॉल खेळलेलो नाही. जे काही कळते ते रेषेबाहेर उभे राहून पाहिल्यामुळे कळते. म्हणून ज्यांनी हा खेळ खेळला आहे, शिकवला आहे किंवा एखादा संघ चालवला आहे, अशा जाणकारांचा सल्ला मला हवा आहे, आणि तो येत्या रविवारच्या आत हवा आहे.

गेल्या हंगामात १२ सामन्यांत आमच्यावर ३१ गोल झाले. आमच्यावर झालेला प्रत्येक गोल मी एका वहीत टिपून ठेवतो: कितव्या मिनिटाला झाला, चेंडू कुठून आला, आणि त्या क्षणी आमचे चार बचावपटू कुठे उभे होते. हंगाम संपल्यावर ही वही घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की ११ गोल कॉर्नर किंवा फ्री किकवर झाले होते आणि ९ गोल दोन्ही फुलबॅक (बचावफळीच्या दोन कडांचे खेळाडू) एकाच वेळी पुढे गेलेले असताना मध्यरेषेजवळ चेंडू गमावल्यामुळे झाले होते. उरलेल्या ११ पैकी ६ गोल शेवटच्या पंधरा मिनिटांतले होते. पुढच्या फळीने २४ गोल केले होते, म्हणजे त्या मुलांनी आपले काम चोख केले होते. वही मिटताना मला खरोखर वाईट वाटले, ते त्या पुढच्या मुलांसाठी.

क्लबच्या कार्यकारिणीने या वेळी मनावर घेतले. नवे मुख्य प्रशिक्षक आणले, गोलरक्षकांसाठी वेगळे प्रशिक्षक नेमले, आणि सामन्यांचे चित्रण करून मुलांना दाखवणारा एक तरुण सहायक घेतला. बचावफळीत गोलरक्षक आणि डावा फुलबॅक तेवढे जुने राहिले. मधले दोघेही नवे आहेत. एक लष्करी संघातून निवृत्त झालेला, चौतीस वर्षांचा, डोक्याने चेंडू मारण्यात पक्का. दुसरा दापोडीचा एकोणीस वर्षांचा, डाव्या पायाचा आणि विलक्षण वेगवान. उजवा फुलबॅक म्हणून मधल्या फळीतल्या एका शांत मुलाला मागे आणले आहे. ही यादी वाचून आमच्या समर्थकांच्या गटात जो आनंद झाला, तसा मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

एका संध्याकाळचा सराव सविस्तर सांगतो, कारण माझी आशा मुख्यतः त्या संध्याकाळवर उभी आहे. पाऊस नुकताच थांबला होता आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात पाणी साचले होते. प्रशिक्षकांनी चारही बचावपटूंच्या कमरेला एकच नायलॉनची दोरी बांधली, दोघांमध्ये सुमारे आठ मीटर दोरी सुटी ठेवली, आणि स्वतः चेंडू हातात घेऊन समोर डावी-उजवीकडे चालू लागले. चेंडू ज्या बाजूला जाईल त्या बाजूला चौघांनी एकत्र सरकायचे, इतकीच सूचना होती. पहिल्या पाच मिनिटांत डावा फुलबॅक सवयीने पुढे धावला, दोरीला हिसका बसला आणि तो सपशेल चिखलात पडला. सगळे हसले. प्रशिक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला हात देऊन उठवले आणि म्हणाले, ‘‘आता तुला कळलं, तू गेलास की मागे किती मोठं भगदाड पडतं.’’ अर्ध्या तासानंतर दोरी ताणलीही जात नव्हती आणि जमिनीवर लोळतही नव्हती. चौतीस वर्षांचा तो गडी मधून सतत बोलत होता, ‘‘सरक, सरक, थांब, आता वर,’’ आणि बाकीचे तिघे त्याचे ऐकत होते. आमच्या बचावफळीत कोणी बोलते आहे हे मी किती वर्षांनी ऐकले, ते सांगता येणार नाही.

त्यानंतर दोन सराव सामने झाले. पहिला आम्ही १-४ असा हरलो, दुसरा २-२ असा बरोबरीत सुटला. पहिल्या सामन्यातले दोन गोल कॉर्नरवर झाले. नवे प्रशिक्षक झोनल मार्किंग करून घेतात, म्हणजे प्रत्येकाने समोरच्या माणसाला न धरता आपापली जागा सांभाळायची. पण प्रतिस्पर्धी लांबून धावत येऊन उडी मारत होते आणि आमची मुले जागच्या जागी उभी राहून वर पाहत होती. तिसरा गोल आमच्या गोल किकवर झाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर आम्ही आमच्या गोलासमोरून खेळ पुन्हा सुरू करत असताना. २०१९ साली नियम बदलल्यापासून गोल किक घेताना आपल्याच खेळाडूला पेनल्टी क्षेत्राच्या आत चेंडू घेता येतो, आणि प्रशिक्षकांचा आग्रह असा की गोलरक्षकाने चेंडू लांब न मारता जवळच द्यावा. त्याने दिला, मुलाचा पहिला स्पर्श जड गेला आणि प्रतिस्पर्ध्याने तिथेच चेंडू हिसकावला. रेषेबाहेरून आमचेच जुने समर्थक ओरडू लागले, ‘‘लांब मार रे, लांब!’’ गोलरक्षकाने एकदा आमच्याकडे पाहिले आणि एकदा प्रशिक्षकांकडे. त्याचा तो गोंधळलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता कार्यकारिणीतले दोघे-तिघे म्हणू लागले आहेत की हे सारे प्रयोग आपल्या मुलांना झेपणारे नाहीत, जुनीच पद्धत बरी होती, आणि पहिल्या तीन साखळी सामन्यांत फरक दिसला नाही तर प्रशिक्षकांना निरोप द्यावा. रविवारी बैठक आहे. समर्थकांच्या वतीने एकाला बोलता येणार आहे आणि ते काम माझ्याकडे आले आहे.

मला भीती वाटते ती पुण्यात जे डोळ्यांदेखत घडले त्यामुळे. २०१४ साली इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी सुरू झाला, तेव्हा मी पहिल्याच हंगामात बालेवाडीला गेलो होतो. फ्रँको कोलोम्बा, मग डेव्हिड प्लॅट, मग अँटोनियो हबास, मग रँको पोपोविच, असा दर हंगामाला नवा प्रशिक्षक आला. संघ उपांत्य फेरीपर्यंत एकदाच पोहोचला, पोपोविच असताना. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बेंगळुरूविरुद्धचा पहिला सामना ०-० असा सुटला, त्या रात्री मी स्टेडियममध्ये होतो. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि आपण ३-१ असे हरलो, पण पाया घातला गेला आहे असे तेव्हा वाटले होते. पुढच्या हंगामात पुन्हा नवे प्रशिक्षक आले, मिगेल आंखेल पोर्तुगाल, आणि त्यांना मोजक्याच सामन्यांनंतर काढले. त्याच हंगामात फिल ब्राऊन आले. २०१९ मध्ये संघच उरला नाही. त्याआधीचा पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये (तेव्हाच्या देशातल्या अव्वल साखळी स्पर्धेत) डेरिक परेरांच्या हाताखाली दुसरा आला होता, तोही आज नाही. मोठ्या संघांच्या बंद होण्यामागे पैशांची कारणे होती, हे मला ठाऊक आहे. तरीही प्रशिक्षकाला वेळ न देण्याची सवय मी जवळून पाहिली आहे आणि ती आमच्या लहानशा क्लबात शिरू नये, असे मला मनापासून वाटते.

जाणकारांना माझे प्रश्न असे. बरीचशी नवी बचावफळी आणि नवे प्रशिक्षक यांचा निवाडा किती सामन्यांनंतर करणे न्याय्य ठरेल? आठवड्यातून तीनच दिवस सराव करणाऱ्या, नोकरी आणि कॉलेज सांभाळणाऱ्या मुलांसाठी झोनल मार्किंग योग्य आहे का? आणि गोल सोडून वहीत आणखी काय टिपावे, म्हणजे निकाल वाईट असतानाही सुधारणा होते आहे की नाही हे कार्यकारिणीला दाखवता येईल?

प्रतिसाद १

मी एका महाविद्यालयीन संघाला नऊ वर्षे शिकवले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

झोनल मार्किंग सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गोल होतातच. जागा सांभाळणे म्हणजे जागेवर उभे राहणे, असे मुलांना वाटते. खरे तर आपल्या जागेत येणाऱ्या चेंडूवर पुढे झेपावायचे असते. तुमच्या प्रशिक्षकांना विचारा की मिश्र पद्धत चालेल का. पाच जणांनी गोलपासून साडेपाच मीटरवरच्या गोलक्षेत्राच्या रेषेवर जागा धरायची, आणि दोघांनी प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत उंच खेळाडूंची धाव मध्येच अडवायची. आमच्या संघाला हे जमायला साधारण दीड महिना लागला.

सामन्यांची संख्या विचारलीत. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचे उदाहरण सगळे देतात, पण अर्धेच देतात. २०१७-१८ मध्ये त्यांच्यावर लीगमध्ये ३८ गोल झाले आणि पुढच्या हंगामात फक्त २२. बचावपटू व्हॅन डाइक आणि गोलरक्षक अॅलिसन आले म्हणून हे झाले, असे म्हटले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र प्रशिक्षक क्लॉप तिथे ऑक्टोबर २०१५ पासून होते आणि त्यांच्या पहिल्या पूर्ण हंगामात लिव्हरपूलवर ४२ गोल झाले होते. इतका पैसा हाती असलेल्या क्लबालाही बचाव बसवायला एवढा काळ लागला. तुम्ही निदान सहा साखळी सामने मागून घ्या.

वहीबद्दल सांगतो. प्रतिस्पर्ध्याने पेनल्टी क्षेत्राच्या आतून किती फटके मारले, ते मोजा. गोल होणे न होणे यात नशिबाचा भाग असतो, आतून येणाऱ्या फटक्यांत तो फार कमी असतो. प्रत्येक कॉर्नरवर पहिला चेंडू कोणी काढला आणि उडालेला दुसरा चेंडू कोणाला मिळाला, हे दोन रकाने स्वतंत्र आखा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, पण एका बाबतीत सावध करावेसे वाटते. तुम्ही लिहिलेले ‘‘आता वर’’ वाचून असे दिसते की प्रशिक्षकांना बचावफळी बरीच पुढे ठेवायची आहे. चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्यावर आपले पुढचे खेळाडू दबाव टाकत असतील, तरच हे चालते. समोरच्याला मान वर करून पाहायला वेळ मिळाला, तर तो बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू टाकणार आणि तुमचा चौतीस वर्षांचा खेळाडू त्या शर्यतीत मागे पडणार. ऑफसाइडच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी आधीच बचावफळीच्या मागे उभा होता या निर्णयाच्या, भरवशावर राहू नका. आपल्या स्थानिक सामन्यांत चित्रण पाहून निर्णय फिरत नाहीत, साहाय्यक पंचाचा झेंडा वर गेला नाही की गोल तो गोल. तेव्हा बचावफळीकडे पाहताना पुढच्या दोघांकडेही पाहा.

धीराबद्दल एक उदाहरण देतो. खालिद जमील यांनी २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलसारख्या लहान बजेटच्या क्लबाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, तेही मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोर असताना. तेच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. पुढच्याच महिन्यात काफा नेशन्स कप या मध्य आशियातल्या स्पर्धेत भारत तिसरा आला, आणि ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून २-१ असे हरल्यावर आशियाई चषकाची वाट बंद झाली. दोन महिन्यांत आधी डोक्यावर घेतले आणि मग टीकेची झोड उठवली. इतक्या कमी सामन्यांवरून काढलेला कोणताही निष्कर्ष मी स्वतः मानत नाही.

प्रतिसाद ३

माझा धाकटा भाऊ गोलरक्षक होता. तुमच्या त्या मुलाशी कोणीतरी बोला. बाहेरून ओरडणारे त्याचेच लोक असतील, तर तो ना जवळ देईल ना लांब मारेल. समर्थकांनी निदान गोल किकच्या वेळी शांत राहायचे ठरवावे.

धागाकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. काल, गुरुवारी, सरावाला गेलो होतो आणि मिश्र पद्धतीबद्दल प्रशिक्षकांना भीत भीत विचारले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. दोघांना धाव अडवायला लावण्याचे त्यांच्याही मनात होते, पण मुलांना आधी जागेची सवय व्हावी म्हणून ते थांबले होते, असे त्यांनी सांगितले. मग माझ्यासमोरच वीस कॉर्नर घेऊन पाहिले. पहिला चेंडू चौदा वेळा आमच्याच मुलांनी काढला. समोर आपलीच राखीव मुले होती, त्यामुळे या आकड्यावर मी फार भिस्त ठेवत नाही, पण कोणीही जागच्या जागी उभे राहिले नव्हते, एवढे नक्की पाहिले.

गोलरक्षकाशी मी स्वतः बोललो. त्या दिवशी ओरडणाऱ्यांत मीही होतो, हे मूळ लेखनात लिहायला हवे होते. त्याची माफी मागितली. गोल किकच्या वेळी कोणीही आवाज करायचा नाही, असे आमच्या गटात ठरले आहे.

रविवारी सहा साखळी सामन्यांची मुदत मागणार आहे. पेनल्टी क्षेत्रातून आलेल्या फटक्यांचे आकडे दर सामन्यानंतर कार्यकारिणीला लेखी देण्याची जबाबदारी मी घेईन. पुढच्या दोघांच्या दबावाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, त्यासाठी वहीत वेगळे पान राखले आहे.

एका प्रश्नाला मात्र उत्तर मिळालेले नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांतले ते सहा गोल दमछाकीमुळे झाले की एकाग्रता सुटल्यामुळे, हे मला वहीवरून कळत नाही. आठवड्यातून तीन दिवस, तेही संध्याकाळी साडेसहानंतर येऊ शकणाऱ्या मुलांचा दम वाढवण्यासाठी कोणी एखादे वेळापत्रक राबवले असेल, तर कृपया इथे सविस्तर लिहावे. हंगाम सुरू व्हायला पाच आठवडे आहेत.