मदत हवी आहे: साखर आणि कोलेस्टेरॉलच्या एकत्र गोळीच्या चाचणीत बाबांनी जावं का?

शिल्पा_नाशिक
सोमवारी उत्तर द्यायचंय, म्हणून घाईत लिहिते. बाबांच्या डॉक्टरांनी सुचवलंय, दोन्हींसाठी मिळून एकच गोळी आहे, तिची चाचणी चालू आहे. औषध, तपासण्या फुकट. बाबा तयार, आई अजिबात नको म्हणते. कुणाच्या घरचं कोणी अशा चाचणीत होतं का? धोका किती?

केतकी
वय? सध्याच्या गोळ्या? एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी)? आणि मुख्य म्हणजे गोळीत आहे काय?

अण्णा_सातारा
कशाला या भानगडीत पडता! मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी अनशापोटी चावून खा, तासभर चाला. माझी शुगर त्यानेच आटोक्यात आली. गोळ्या बंद करा.

निवृत्त_फार्मासिस्ट
अण्णा, चालणं उत्तमच, पण रिपोर्ट न बघता कुणाला गोळ्या बंद करा म्हणू नका.
शिल्पाताई, माहितीपत्रकावर सीटीआरआय (औषध चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक शोधा. १५ जून २००९ पासून आपल्याकडे चाचणीची तिथे नोंदणी सक्तीची आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या. बाबा केव्हाही बाहेर पडू शकतात.

भटक्या७२
स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीनेच साखर वाढते आणि तेच साखरेच्या गोळीत घालायचं?

निवृत्त_फार्मासिस्ट
किंचित वाढते, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१२ मध्ये लेबलवर तसं लिहायलाही लावलं. तरी डायबेटिसवाल्यांना हृदयविकारापासून मिळणारं संरक्षण त्याहून मोठं, म्हणून ते देतात. असा जोड नवा नाही. सिटाग्लिप्टिन (साखरेचं औषध) आणि सिमव्हास्टॅटिन (एक स्टॅटिन) यांची गोळी तिकडे २०११ मध्ये मंजूर झाली, २०१३ मध्ये कंपनीनेच बंद केली.

भटक्या७२
बंद केली ना? मग झालं तर.

केतकी
बंद झाली म्हणजे घातक होती असं नाही. मला खटकतं ते वेगळंच. एकत्र गोळीत एकाच औषधाचा डोस वाढवायचा तर अख्खी गोळी बदलावी लागते. माझ्या सासऱ्यांना सुट्या गोळ्याच सोयीच्या पडल्या.

मीनल_डोंबिवली
चाचणीत भाग घेतला तर मेडिक्लेमला अडचण येते का? आमची पॉलिसी पुढच्या महिन्यात रिन्यू करायचीय.

शिल्पा_नाशिक
वय ६१. साखरेसाठी मेटफॉर्मिन दोन वेळा जेवणानंतर, रात्री अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (स्टॅटिनच) १० मिग्रॅ. एचबीए१सी ८.१, एलडीएल ११८. पत्रकात सिटाग्लिप्टिन अधिक अ‍ॅटोरव्हास्टॅटिन लिहिलंय, सीटीआरआय क्रमांक सापडला. क्रिएटिनिनचा रिपोर्ट मिळत नाहीये.

केतकी
तोच हवा! किडनी मंदावली असेल तर सिटाग्लिप्टिनचा डोस कमी करावा लागतो.

शिल्पा_नाशिक
उद्या सकाळी रक्त देतो. आणखी एक, रात्रीची जुनी गोळी चालू ठेवायची की थांबवायची, पत्रकात कुठेच नाही.

निवृत्त_फार्मासिस्ट
हे आधी सांगायला हवं होतं. जुनी चालूच राहिली तर स्टॅटिन दुप्पट होईल, अंगदुखी, स्नायूंचा त्रास होऊ शकतो. पण आपल्या मनाने बंदही करू नका. मेटफॉर्मिनचं काय, तेही विचारा. दोन्हींची उत्तरं डॉक्टरांकडून लेखी घ्या, तोवर सही नको.

अण्णा_सातारा
मेथी निदान चालू तरी करा.