मॅक, विंडोज की लिनक्स: देवगडच्या खाऱ्या हवेत काय घ्यावं?

बागायतदार_देवगड:
काम एवढंच: आंब्याच्या पेट्यांची बिलं, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी, मराठी टायपिंग आणि होमस्टेसाठी ड्रोनचं फोर-के व्हिडिओ एडिटिंग. सध्या सातव्या पिढीचा आय-फाइव्ह लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. एक गट म्हणतो मॅक घ्या, व्हायरस लागत नाही आणि अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही. दुसरा म्हणतो लिनक्स टाका, सगळं फुकट. तिसरा म्हणतो विंडोजशिवाय धंदाच होत नाही. खरं काय?

हिशेबनीस_कणकवली:
टॅलीपासून सुरुवात करा, बाकी सगळं त्यावर ठरतं. टॅलीप्राइम थेट विंडोजवरच बसतं. मॅकवर हवं तर मॅकमध्येच विंडोज चालवणारं पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर आणि त्यात विंडोज, म्हणजे दोन लायसन्सचा खर्च वाढला. एम-चिपच्या (अॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या) मॅकवर बूट कॅम्प, म्हणजे थेट विंडोज बसवायची सोय, तीही नाही. जीएसटी पोर्टलला मात्र ब्राउझर पुरतो. मालकी व्यवसाय असेल तर रिटर्नवर ओटीपीने सही होते; डीएससीची (डिजिटल सहीची) सक्ती कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला).

व्हायरसचं म्हणाल तर २०१२ साली फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रॅमने सहा लाखांच्या आसपास मॅक धरले होते. विंडोजमधलं डिफेंडर आता पुरेसं आहे, ८ जीबीच्या मशीनवर वेगळा अँटिव्हायरस लादू नका. आणि बँकेच्या नावाच्या खोट्या पानावर पासवर्ड टाकलात तर तिन्हींपैकी कोणीच वाचवत नाही.

दुरुस्ती_मालवण:
अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही हे बरोबर, पण खारं वारं लागलं की पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि बारीक खड्डे पडतात. ते निदान दिसतं तरी. खरं नुकसान आत होतं: यूएसबी-सी पोर्टच्या पिना हिरवट पडतात, चार्जिंग मधूनच तुटतं आणि लोक चार्जर बदलत बसतात. आधी टॉर्च मारून पोर्टात बघा. हिरवट थर दिसला तर मशीन पूर्ण बंद करून, चार्जर काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा. टाचणी घालू नका, पिना वाकतात.

पंख्याचा लॅपटॉप खारी हवा आत ओढतो. बिनपंख्याचा मॅकबुक एअर त्या बाबतीत उजवा, हे मान्य करायलाच हवं. पण एसीच्या खोलीतून जूनमधल्या पडवीत आणलेल्या थंड मदरबोर्डावर दव धरतं, मग ब्रँड कुठलाही असो. अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नंतर उघडा.

मिंटप्रेमी_चिपळूण:
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. तरी लॅपटॉप भंगारात काढू नका. हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी घाला, त्यावर लिनक्स मिंट २२. अपडेट २०२९ पर्यंत येतील. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. प्रिंटर कॅनन एलबीपी २९०० असेल तर थांबा, त्याचा कॅप्ट ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) लिनक्सवर फार छळतो.

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटरची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ प्रकारचे व्हिडिओ उघडत नाही, आणि ड्रोनच्या फाइली नेमक्या त्याच असतात. त्याऐवजी केडेनलाइव्ह हा एडिटर वापरा. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हीकडे मिळतो. श्री-लिपीतल्या (युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या) जुन्या फाइली मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्या.

बागायतदार_देवगड:
म्हणजे टॅलीसाठी नवा विंडोज ११ लॅपटॉप आणि जुन्यावर मिंट. पण उद्या बोर्डच गेला तर आतला डेटा मिळतो का?

दुरुस्ती_मालवण:
एम-चिपच्या मॅकबुकमध्ये साठवण बोर्डालाच सोल्डर केलेली असते. बोर्ड मेला की बॅकअपवरच भिस्त. बहुतेक विंडोज लॅपटॉपांत एम.२ एसएसडी एका स्क्रूवर असते, काढून एनक्लोजरमध्ये (यूएसबीच्या डबीत) लावता येते. पण विंडोज ११ ने एन्क्रिप्शन (डेटाला कुलूप) आपोआप चालू केलेलं असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आजच कागदावर उतरवा.

बॅकअपची बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, कारण विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटवर मॅक वाचतो, लिहीत नाही. एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं, त्यामुळे इजेक्ट न करता ओढलीत तर फाइली बिघडतात. हंगामात रोज संध्याकाळी टॅलीत ऑल्ट+वाय दाबून बॅकअप घ्या, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.