तंजावर : तीन दिवस पुरतील का, आणि मराठी शिलालेख नेमका कुठे आहे?

मृदुला_सांगली :

नमस्कार. येत्या जानेवारीत आईबाबांना घेऊन तंजावरला जायचे ठरले आहे. हाताशी पूर्ण तीन दिवस आहेत. तिरुचिरापल्लीपर्यंत विमानाने आणि तिथून पुढे गाडीने जाणार आहोत. बाबा ७४ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर ते मोडी शिकले आणि गेली काही वर्षे ओळखीपाळखीच्या लोकांचे वतनाचे, खरेदीखताचे जुने कागद वाचून देण्यात त्यांचा दिवस चांगला जातो. बृहदीश्वराच्या देवळात मराठीत कोरलेला एक फार मोठा लेख आहे हे त्यांच्या वाचनात आले, आणि तेव्हापासून तो एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढाच त्यांचा आग्रह आहे.

एका प्रवासी कंपनीने जो कार्यक्रम आखून दिला आहे, त्यात मोठे देऊळ आणि राजवाडा मिळून एक सकाळ, त्याच दुपारी कुंभकोणम, आणि उरलेले दोन दिवस रामेश्वर व मदुराई असे आहे. शिलालेखाविषयी विचारले तेव्हा त्यांना तो आहे हेच ठाऊक नव्हते, त्यामुळे तो कार्यक्रम बाजूला ठेवून इथे विचारत आहे. तीनही दिवस तंजावरलाच राहिले तर वेळ सार्थकी लागेल का? आईच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसत नाहीत, तिला काय पाहता येईल? बाबांना तिथे मोडी कागद पाहायला मिळतील का? आणि तो लेख मोडीत आहे की बालबोधीत?

तिरुचीकर :

मृदुलाताई, नोकरीनिमित्त सहा वर्षे तिरुचिरापल्लीत होतो आणि पाहुणे आले की त्यांना घेऊन तंजावरला जाणे ठरलेलेच असे. अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास आहे. आपण रामेश्वर आणि मदुराई या खेपेस सोडा, असे अगदी मनापासून सांगतो. ती दोन्ही ठिकाणे स्वतंत्र प्रवासाच्या तोलाची आहेत, आणि वडीलधाऱ्यांना घेऊन तीन दिवसांत तीन शहरे केली तर गाडीतल्या खिडकीखेरीज फारसे काही लक्षात राहत नाही.

मोठे देऊळ दोनदा पाहावे, एकदा उजाडताच आणि एकदा सूर्य कलल्यावर. दुपारी साडेबारा ते चार या वेळात गाभारा बंद असतो, आणि अनवाणी चालायचे असल्याने तापलेले अंगण ओलांडणे म्हाताऱ्या माणसांना फार जड जाते. आईंसाठी जाड मोजे सोबत ठेवावेत. अंगण सपाट आणि विस्तीर्ण आहे, त्यामुळे पायऱ्या न चढताही त्यांना बरेच काही पाहता येईल. गाभाऱ्यात जायला मात्र पायऱ्या आहेत.

राजराज चोळाने हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण केले. विमान म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, तो साठ मीटरहून उंच आहे आणि सगळा ग्रॅनाइटचा आहे. आमच्या एका खेपेस वाटाड्याने छातीठोकपणे सांगितले की या मनोऱ्याची सावली जमिनीवर पडतच नाही, तेव्हा आम्ही सगळे त्याच सावलीत उभे होतो. माथ्यावरचा घुमट एकाच अखंड शिळेचा आहे असेही सांगितले जाते, पण तो अनेक दगड जोडून घडवलेला आहे. या गोष्टी ऐकण्यात वेळ घालवण्यापेक्षा चौथऱ्याच्या दगडांवर सलग ओळींत कोरलेली तमिळ अक्षरे पाहावीत. मी दिले ते, माझ्या थोरल्या बहिणीने दिले ते, राण्यांनी दिले ते आणि इतरांनी दिले तेही दगडावर कोरा, अशी राजराजाची आज्ञा तिथे आहे, आणि तिला अनुसरून देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तिकांची नावे, त्या कोणत्या गावाहून आल्या आणि कोणत्या रस्त्यावरच्या कितव्या घरात राहत, इथवर नोंद आहे. तमिळ वाचता येत नसले तरी हे ठाऊक असले की त्या भिंतीजवळून चालणे वेगळे होते.

जानेवारीच्या मध्यास जात असाल तर पोंगलचे दिवस तपासून घ्या. मट्टू पोंगलला इथल्या प्रचंड नंदीला भाज्या आणि फळांनी सजवतात. सोहळा पाहण्यासारखा असतो, पण गर्दी आणि राहण्याची अडचण दोन्ही वाढतात. आईंच्या दृष्टीने त्यानंतरचा आठवडा बरा.

कावेरीकाठ :

आमचे घराणे तंजावरचे. सात-आठ पिढ्यांपासून घरात मराठी बोलली जाते, जरी तिच्यात तमिळची वळणे इतकी मिसळली आहेत की पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना ती ऐकताना क्षणभर थांबावे लागते. आता मी चेन्नईत असतो. आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण तंजावरला येणारे बहुतेक मराठी लोक तो लेख न पाहताच परत जातात.

प्रथम लेखाविषयी. तो बालबोधीत, म्हणजे देवनागरीत आहे, मोडीत नाही, त्यामुळे बाबांबरोबर आईंनाही वाचता येईल. तंजावरच्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी तो शके १७२५, म्हणजे इ.स. १८०३ मध्ये कोरवून घेतला. मजकूर बाबुराव चिटणिसांनी सिद्ध केला, आणि भोसले घराण्याचा वृत्तान्त मालोजी, शहाजीराजे, शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे असा येत सरफोजींपर्यंत पोहोचतो. जागा अशी : महाद्वारातून आत आल्यावर नंदी आणि मुख्य मंदिर उजव्या हाताला ठेवून डावीकडून सरळ मागच्या टोकापर्यंत चालत जावे. आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गणपतीचे देऊळ लागते, तेही मराठा काळातले; त्या बाजूच्या आवारभिंतीवर ओळीमागून ओळ हा लेख पसरलेला आहे. अक्षरे सुबक पण दाटीची आहेत आणि समोरून पाहिले तर दगडाच्या रंगात बुडून जातात. छोटी विजेरी घेऊन उजेड भिंतीच्या कडेने तिरपा टाकला की खोदलेल्या रेषेत सावली धरते आणि शब्द एकदम उठून दिसतात. भिंतीला हात लावू नये, खडू किंवा पाणी तर मुळीच नको. सगळा लेख एका बैठकीत वाचून होत नाही. पोथी-बखरींची भाषा वाचण्याची बाबांना सवय असेल, तर आधी व्यंकोजीराजांच्या तंजावर प्रवेशाचा भाग शोधावा, कारण तो या शहराचा आणि आमच्यासारख्या घरांचा आरंभ आहे.

इथेच थोडे थांबून एक सांगावेसे वाटते. चोळांनी, नंतर नायकांनी आणि नंतर मराठ्यांनी हेच देऊळ आपले मानले. सुब्रह्मण्याचे सुंदर कोरीव देऊळ आणि तो मोठा नंदी नायकांच्या काळातला आहे, तर सर्वांत बाहेरचे प्रवेशद्वार मराठ्यांचे आहे. राजराजाने आपली दाने ज्या आवारात कोरवली, त्याच आवारात जवळजवळ आठशे वर्षांनी सरफोजींनी आपले घराणे कोरवले. मुख्य भिंतीवरचा एकही जुना लेख त्यासाठी पुसला गेला नाही, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

दुसरा दिवस राजवाड्यासाठी राखून ठेवावा. वाडा मुळात नायकांचा, मराठ्यांनी वाढवलेला. सरस्वती महाल ग्रंथालय तिथेच आहे. त्यात ४९ हजारांच्या आसपास हस्तलिखिते असून मराठी सुमारे तीन हजार आहेत, शिवाय दरबारी मोडी कागदांचे शेकडो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. सर्वसामान्य पाहुण्यांसाठी ग्रंथालयाचे छोटे संग्रहालय खुले असते. मूळ कागद हाताळायचे असतील तर आधी लेखी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. बाबांनी महिनाभर आधीच पत्र पाठवावे आणि त्यात आपण कोणत्या काळातले कागद वाचतो हे नेमके लिहावे. संग्रहालय बुधवारी बंद असे, तेव्हा वार पाहून बेत करावा. सरफोजींना वैद्यकाची मनापासून आवड होती. धन्वंतरी महाल या त्यांच्या दवाखान्यात तपासलेल्या नेत्ररुग्णांची टिपणे, दुखऱ्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, याच ग्रंथालयात जपून ठेवली आहेत.

आपण सांगलीच्या, म्हणून आणखी एक. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ मध्ये नाटक रंगवले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या दरबारात मराठी नाटके लिहिली जात होती, आणि त्यांची हस्तलिखिते याच इमारतीत आहेत.

मृदुला_सांगली :

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. बाबांना हे सगळे वाचून दाखवले. लेख बालबोधीत आहे हे ऐकून ते आधी थोडे हिरमुसले, पण मोडी रुमालांचे ऐकल्यावर अर्जाचा मसुदा लिहायलाच बसले. रामेश्वर आणि मदुराई आम्ही रद्द केले आहे. आता प्रश्न आईचा. ती लहानपणी पेटी शिकलेली आहे आणि कीर्तन तिला अतिशय प्रिय आहे. बाबा कागदांत गुंतले तर तो वेळ आणि तिसरा दिवस तिला आवडेल असा कसा घालवावा?

दिंडी_साकी :

ताई, आईंसाठी तिसरा दिवस तिरुवैयारूला द्यावा. तंजावरहून उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर कावेरीच्या काठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला तिथे आराधना असते. त्या दिवशी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच पंचरत्न कृती एका सुरात गातात. ती तिथी बहुधा जानेवारीतच येते, म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी पंचांग पाहावे. गर्दी नको असेल तर दुसऱ्या कोणत्याही सकाळी जावे, तेव्हा तिथे फक्त नदी आणि एखाददुसरा गाणारा असतो. समाधीवरचे देऊळ गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांनी स्वतःची मिळकत खर्चून उभारले, आणि ज्या उत्सवात स्त्रियांना गाऊ दिले जात नव्हते तिथे त्यांच्यासाठी जागा मिळवली. त्यांचे स्मारक समाधीसमोरच आहे. आईंना ते आवर्जून दाखवावे. परतताना गावातला मूगडाळीचा अशोका हलवा घ्यावा, तो गरमच खायचा असतो.

कीर्तनाविषयी सांगायचे तर तंजावर हे त्यांना आपलेच वाटेल. एकोणिसाव्या शतकात मोरगावकरबुवांची मराठी कीर्तने इथे झाली. ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला, म्हणजे तिकडच्या कीर्तनाला, नवे रूप दिले, आणि ओवी, अभंग, साकी, दिंडी हे आपले छंद आजही तमिळ हरिकथेत त्याच नावांनी गायले जातात. मी पहिल्यांदा एका तमिळ भागवतरांच्या तोंडून साकीची चाल ऐकली तेव्हा शब्द एकही कळला नाही, पण पुढची ओळ कुठे वळणार हे आधीच कळत होते.

बाबा ग्रंथालयात असतील तेव्हा आईंना वाड्यातल्याच कलादालनात न्यावे. चोळकालीन कांस्यमूर्तींचा असा संग्रह क्वचित पाहायला मिळतो. तिरुवेंकाडूहून आलेली, १०११ च्या सुमाराची ऋषभवाहन शिवाची मूर्ती चुकवू नये. देव नंदीवर कोपर टेकून सहज उभा आहे, केस सर्पांसह पागोट्यासारखे गुंडाळलेले आहेत, आणि नंदी मात्र हरवलेला आहे. तरीही तो रिकामा हात इतका निश्चिंत टेकलेला दिसतो की पाहणाऱ्याला नंदीची उणीव भासत नाही. त्याखेरीज शहरात वीणा घडवणारे कारागीर आहेत. फणसाच्या लाकडाचा भोपळा कोरून त्यावर मेणात चोवीस पडदे बसवतात. पेटी वाजवलेल्या माणसाला पडदे जुळवण्याचे काम पाहताना वेळ कळत नाही. विचारून, खरेदीची घाई न करता गेले तर लोक प्रेमाने दाखवतात.

कावेरीकाठ :

वरच्या प्रतिसादाला थोडी जोड देतो. शिवगंगा बागेजवळ १७७९ मधले श्वार्ट्झ यांचे चर्च आहे, मोठ्या देवळापासून अगदी जवळ. सरफोजी लहान असताना तुळजाजीराजांनी त्यांना या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली सोपवले होते. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले, आणि सरफोजींनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. त्यात मरणशय्येवरच्या गुरूचा हात हातात घेऊन तरुण राजा उभा आहे, डोक्याला मराठी पागोटे आहे. चर्च उघडे असण्याच्या वेळा ठरलेल्या नसतात, म्हणून राखणदाराकडे आधी विचारावे.

जेवणाचे म्हणाल तर पानात रसवांगी, म्हणजे वांग्याची रसदार भाजी, आली तर नक्की घ्या. आमच्या घरी डांगर पचडीही होते, ते उडदाचे डांगरच, दह्यात कालवलेले. आपल्या तारखा ठरल्या की मला इथे निरोप पाठवा. माझी आत्या अजून तंजावरलाच राहते, तिचे वय ८१ आहे, आणि गावाकडची मराठी माणसे आली म्हणजे ती स्वतः पाटावर बसवून वाढते. तिच्याकडे एक मोडीतला घरगुती जमाखर्च आहे, जो आमच्यापैकी आता कोणालाच वाचता येत नाही. बाबांनी तो पाहिला तर तिला फार आनंद होईल.